पत्त्यांचं चिलखत

मंडळाच्या मांडवाला पडदा लागला की माझा स्वभाव उफाळून येतो. तसं घरचे म्हणतात, तो बाराही महिने उफाळलेलाच असतो; दूधवाला, गॅसवाला, जावई, कुणीही माझ्या नजरेतून सुटत नाही. असेल. पण भाद्रपदात मात्र खास. पडद्याआड ठोकाठोक सुरू होते, आतलं पोरगं बाहेर येताना पडदा हातभरच उघडतं आणि मी बघतेय असं दिसलं की चटकन सोडतं. "काय चाललंय रे आत?" विचारलं की हसतं. "आजी, गणपती बसल्यावर बघा की!" या हसण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पडद्याआड काय काय शिजतं ते मी पाहिलेलं आहे.

आणि वर हे ऊन. सोलापूरचं भाद्रपदातलं ऊन मोठं लबाड. दुपारी आभाळ भरून येतं, बायका धावत गच्चीवरचं वाळवण गोळा करतात, आणि शेवटची पाटी आत नेईपर्यंत पुन्हा लख्ख. मी सांगतेय त्या वर्षांत तर दुष्काळ नुकताच सरला होता. ढग आला तरी कुणी मान वर करून बघायचं नाही. नळाला पाणी आलं की आपल्या हंड्यापेक्षा शेजारणीच्या हंड्याकडंच जास्त लक्ष. भांडण नसायचं हो, नुसतं लक्ष.

आम्ही राहायचो त्या गल्लीत माणसांपेक्षा मागांचा आवाज मोठा. वीज गेली की तो एकदम थांबायचा आणि सगळ्या गल्लीला एकमेकांच्या घरातलं ऐकू यायला लागायचं, म्हणून बायका बोलता बोलता आवाज खाली आणायच्या. हवेत चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास, अंगणात दोऱ्यांवर वाळणारं ओलं सूत, आणि गटारीतून वाहणारं रंगाचं पाणी. आज लाल, उद्या मोरपंखी. अमक्याची गटार हिरवी वाहतेय म्हणजे त्याची दिवाळीची चादर हिरवी येणार, असा अंदाज बांधत दुसऱ्या कारखान्याचा माणूस तिथं सायकल टेकवून उभा असायचा. मग म्हणे काहीजण मुद्दाम थोडा खोटा रंग गटारीत सोडायचे. खरंखोटं देव जाणे. पण बाहेर दिसतं ते खरं नसतं, एवढं आम्ही तिथं बाराखडीच्या आधी शिकलो.

आप्पा, म्हणजे माझे वडील, चादरींच्या एका कारखान्यात पत्ते पाडायचे. खेळायचे पत्ते नव्हेत. चादरीवर मोर काढायचा तर तो आधी चौकटीच्या कागदावर रंगवायचा, आणि मग त्या चौकटी बघत पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना भोकं पाडायची. या पट्ट्यांना पत्ते म्हणायचे. एक पत्ता म्हणजे कापडातली एक ओळ. असे ढीगभर पत्ते दोरीनं ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. जिथं भोक तिथला दोरा वर उचलला जातो आणि खाली मोर उतरायला लागतो. म्हणजे खरा मोर पत्त्यांत. ज्याच्या हाती पत्ते, त्याच्या हाती डिझाईन. म्हणूनच चुकलेला पत्ता हातानं फाडायचा आणि मालकांच्या डोळ्यांदेखत रंगाच्या भट्टीत टाकायचा, असा कारखान्याचा नियम होता. आप्पा तो देवपूजेसारखा पाळायचे. कागदाचा कपटा कधी घरी आणला नाही. आई म्हणायची, "ह्यांच्या खिशात हात घातला तर सुपारीशिवाय काही लागायचं न्हाय."

त्या वर्षी मालकांना मोठा दणका बसला होता. आप्पांनी उन्हाळाभर खपून दिवाळीसाठी द्राक्षाच्या वेलीचं नवं डिझाईन तयार केलं, आणि ते मागावर नीट चढायच्या आत अगदी तसलीच वेल दुसऱ्या कुणाच्या तरी चादरीवर बाजारात झळकली. कुणीतरी आतूनच दगा दिला होता. वेल आधी पाहिलेली माणसं मोजकी, आणि त्यात आप्पा पहिले. मालक तोंडानं काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी सुटताना दारावर सगळ्यांच्या पिशव्या बघायला सुरुवात झाली. आप्पांची पिशवी बघताना पहारेकऱ्यालाच लाज वाटायची, असं नरसय्या सांगायचा. नरसय्या आमचा शेजारी, त्याच कारखान्यात विणकर. आप्पा घरी येऊन पिशवी खुंटीला लावायचे आणि बराच वेळ तिच्याकडं बघत बसायचे.

आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या भावाला, वसंतदादाला, चिलखत करायची हुक्की आली.

मावळ्याचं चिलखत नव्हे. ते तर सगळीच मंडळं करायची. दादाला दुसऱ्या ग्रहावरून आलेला योद्धा व्हायचं होतं. चंद्रावर माणूस उतरून काही वर्षं झाली होती, दादा कॉलेजात सायन्सला होता, आणि कुठल्याशा मासिकात त्यानं धातूचा पोशाख घातलेल्या माणसाचं चित्र पाहिलं होतं. "शालू, विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझमाच्या पुढं मी चालणार. लोकं गणपती सोडून माझ्याकडं बघतील."

"पाप लागंल," मी म्हटलं.

"लागू दे की."

मंडळाकडं पैशाची बोंब. मग जे फुकट मिळेल ते जमवायचं ठरलं. खांद्यांसाठी सुताचे रिकामे कागदी कोन, टोकं बाहेर काढून. डोक्याला वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा, कडा हातोडीनं आत वळवलेल्या. डोळ्यांपुढं काळी काच पाहिजे होती, ती नरसय्याच्या बायकोनं, लक्ष्मीअक्कानं दिली. काच कसली, नरसय्याच्या छातीचा जुना एक्स-रे! तिनं तो फळीवर जपून ठेवला होता. "घे, पर परत दे रे बाबा. डाक्टर मागितला तर काय देऊ मी?" म्हणाली, आणि पुढं रोज विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन विचारायची, "कापला न्हाईस न्हवं?" कापला होता. दादा डब्यातून बघायचा तेव्हा सगळं जग त्याला नरसय्याच्या बरगड्यांमधून दिसायचं.

हे सगळं मांडवामागं, जुन्या साड्यांचे पडदे लावून. पलीकडच्या गल्लीतलं मंडळ कल्पना उचलेल म्हणून शपथा घातलेल्या; घरीसुद्धा बोलायचं नाही. मला आत घेतलं ते अस्तर शिवायला. फाटक्या लाल चादरीचं अस्तर होतं. मी शिवत बसले होते आणि दादानं एक पोतं आणून माझ्यासमोर उपडं केलं. आत पत्ते होते. भोकं पाडलेले, अख्खे, न फाडलेले पत्ते.

मी सुई अस्तरात खोचून ठेवली. "कुठनं आणलास हे?"

"पोरांनी आणले."

"कुठल्या पोरांनी?"

"तू अस्तर शीव की गप."

मी शिवलं. कौलं चढवतात तसे आम्ही पत्ते एकावर एक बसवून ओवले. छाती, पाठ, मांड्या, दंड. दुकानांच्या शटरला लावतात तो चंदेरी रंग एका पेंटरकडून डब्याच्या तळाला उरलेला मिळाला. टर्पेंटाईनच्या वासानं डोकं उठायचं. पण दादानं ते सगळं अंगावर चढवलं आणि उभा राहिला, तेव्हा खरं सांगते, मला त्याची भीती वाटली. रंगानं न बुजलेल्या भोकांमधून आतलं लाल अस्तर दिसत होतं, चुलीत निखारे असावेत तसं. तो चालला की पत्ते एकमेकांवर घासून खरखर वाजायचे. हा आपला दादा नाहीच, असं क्षणभर वाटून गेलं. नातू परवा सांगत होता की पहिल्या पहिल्या कॉम्प्युटरना असलेच भोकांचे पुठ्ठे लागायचे. मी म्हटलं, म्हणजे आमचा दादा काळाच्या पुढंच चालत होता म्हणायचं. नातवाला वाटलं आजी थापा मारतेय. माझाच नातू तो.

मिरवणूक दुपारी निघाली. हलगी, लेझीम, गुलाल, आणि सगळ्यांच्या पुढं ते चंदेरी धूड. पोरं किंचाळत मागं पळायची आणि पुन्हा जवळ यायची. एका म्हाताऱ्यानं तर कुठल्या तरी देवाचं सोंग समजून हात जोडले. आप्पा आणि आई रस्त्याकडेला उभे होते. आप्पांनी ते ध्यान पहिल्यांदाच पाहिलं. "आपला वसंता हाय व्हय तो?" त्यांनी मला विचारलं, आणि मी मान हलवल्यावर इतके हसले! त्या उन्हाळ्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून सांगायला लागले, "पोरगं माझं."

मालक गणपतीला हार घालायला आले होते. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गुलाल. तेही हसत हसत दादाजवळ गेले, कौतुकानं त्याच्या छातीवर बोटं वाजवली, आणि बोटं तिथंच थांबली. मग त्यांनी दादाचा हात मनगटाला धरून वर उचलला, उन्हात धरला. दंडावरच्या पत्त्यांचं अस्तर जरा सुटलं होतं. भोकांतून उजेड आला आणि मालकांच्या शर्टावर ठिपकेच ठिपके पडले.

"आप्पा," ते म्हणाले, लेझीम चालू होती म्हणून मोठ्यानं, "हे पत्ते कुटले?"

"मला ठाव न्हाय, मालक."

"पोरगं तुमचंच न्हवं?"

"व्हय."

"मग परवा या घेऊन. पोराला बी आणा आणि ह्याला बी. मागावर लावू. काय निघतंय ते दिसंलच की."

आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. दादानं डोक्यावरचा डबा काढला. घामानं केस चिकटलेले, नाकावर पत्र्याचा वळ. तो आप्पांकडं बघत उभा राहिला. आप्पा म्हणाले, "चल घरी." बाकी काही नाही.

मधला तो दिवस आठवला की अजून जेवण जात नाही. चिलखत पडवीत खुंटीला टांगलेलं, वारा आला की खरखरायचं. आप्पांनी आईला विचारलं, "ह्यो पत्ते कुटनं आणतोय तुला ठाव होतं?" मग मला अंगणात बोलावून विचारलं, "शालू, डबा द्यायला कारखान्यात दादाच यायचा न्हवं? आत पत्त्यांच्या खोलीपर्यंत कधी आला होता का गं?" दादा चार पावलांवर सायकल पुसत होता. त्याला ऐकू गेलं असणार. त्याला सोडून सगळ्यांना विचारून झालं.

आणि माझं डोकं! संशय एकदा आत शिरला की तो घरातल्या घरात फिरून एकेक वस्तू उचलून दाखवतो. दादा रोज आप्पांचा डबा घेऊन कारखान्यात जायचा. येताना पिशवी रिकामीच असायची कशावरून? त्याच महिन्यात त्यानं नवी बेलबॉटम शिवली. ती कुठल्या पैशानं? मित्राकडं अभ्यासाला म्हणून जायचा; कुठल्या मित्राकडं? वर्षभर जे काही साधं होतं, त्याला एका दिवसात शेपूट फुटलं. दुपारी न राहवून मी त्याला गाठलं. "दादा, खरं सांग. कुठनं आणलेस?"

"जुन्या बाजारातनं."

"तेव्हा तर पोरांनी आणले म्हणालास."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तू पण का गं?" एवढंच म्हणाला. मग जरा वेळानं, "आप्पांनी विचारू दे. त्यांना सांगीन."

आप्पांनी विचारलं नाही. मनात आणते तर एक पत्ता खरवडून उजेडाला धरला असता तरी त्यांना आपलं काम ओळखू आलं असतं. त्यांनी चिलखताला हातसुद्धा लावला नाही. खुंटीकडं पाठ करून जेवले. मला वाटलं, हा त्यांचा ताठा. माझा पोरगा असलं करणार नाही, मी कशाला तपासू, असा. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. मी आईला म्हटलंसुद्धा, "आप्पांचा बघ दादावर किती भरवसा." आई भाकरी उलटत राहिली.

ठरल्या दिवशी मीही आप्पांच्या आणि दादाच्या मागं मागं गेले. कारखान्यात नमुने विणायचा एक हातमाग कोपऱ्यात होता. चिलखत जमिनीवर पसरलं आणि उसवायला घेतलं. आप्पा पुढं वाकले तसे मालक म्हणाले, "तुमी हात लावू नका, आप्पा. उगं मागनं बोलाबोल नको." मग नरसय्यानं दाभणानं एकेक भोक मोकळं केलं, चंदेरी रंगाच्या टिकल्या त्याच्या धोतरावर पडत होत्या. पत्त्यांचं माप मागाला बरोबर बसलं. मालकांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी ओठ ओले केले. एवढं मात्र सगळ्यांना कळत होतं की द्राक्षाचा एक घोस जरी उतरला तरी आप्पांची इतक्या वर्षांची नोकरी आणि नाव त्या दारातूनच बाहेर जाणार. आणि दादाला घेऊन कुठं जायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

नरसय्यानं पाय दाबला. माग खडखडला. ओळीवर ओळ बसायला लागली, लालात पांढरं. पहिल्यांदा नुसता गोंधळ. मग एक गोल उमटला. त्याच्या शेजारी दुसरा.

"गोल हाय," मालक म्हणाले.

तिसरा गोल. नरसय्याचा हात मंदावला. "काय की बाबा," तो पुटपुटला, "काय की." मालक वाकून बघत होते, मी वाकून बघत होते, दारातली चार माणसं टाचा उंचावून बघत होती. आणखी काही ओळी झाल्या. गोलांच्या भोवती केसांसारख्या रेघा फुटल्या, खाली एक बारीक मान उतरली आणि मध्येच तुटली. मोराचा पिसारा होता तो. त्याच्या खाली हत्तीचा अर्धा पाय. मग अर्धं कमळ. दादानं पत्ते जसे हाती येतील तसे ओवले होते. वीतभर कापडात कुठल्या कुठल्या चादरींची कलमं एकमेकांना चिकटली होती. द्राक्ष एकही नव्हतं.

"अरे, ही तर लई जुनी डिझाइनं," मालक म्हणाले, आणि सरळ उभे राहिले. "त्या बंद पडलेल्या कारखान्याची. भंगारात गेलं की ते सगळं. व्हय रे पोरा, जुन्या बाजारातनं आणलास न्हवं?"

दादानं मान हलवली.

तेव्हा आप्पांनी श्वास सोडला. केवढा मोठा! मागाच्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला. मग ते हसायला लागले, बोलायला लागले, हत्तीच्या पायावर विनोद करायला लागले. मालकांनी चहा मागवला, तो बशीत गार झाला तरी ते बोलतच होते. मालकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "चुकलं माझं, आप्पा. मनात ठेवू नका." आप्पा म्हणाले, "छे छे, मालक! तुमच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं." मला आनंदानं रडू येत होतं. दादानं चहा घेतला नाही. तो खाली बसून डबा आणि कोन गोळा करत होता.

द्राक्षाची वेल कुणी विकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझा संशय मालकांच्या मेहुण्यावर आहे, पण माझा संशय कुणावर नसतो? आप्पा त्याच कारखान्यातून निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल मिळाली. लक्ष्मीअक्कानं एक्स-रेवरून पुढं महिनाभर आमच्याशी अबोला धरला. दादा पदवी घेऊन नाशिकला नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. सणावाराला यायचा. आप्पांच्या पाया पडायचा, औषधपाणी बघायचा, सगळं वागणं रीतीला धरून. त्यांच्या शेवटच्या आजारपणात पंधरवडाभर उशाशी बसला. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मलाच काय ते वाटायचं की हा पाहुण्यासारखा बसतो. पाणी प्यायचं तर विचारून पितो. माझ्या स्वभावाला नाहीतरी काहीतरी लागतंच, म्हणून मी ते कधी बोलले नाही.

या भाद्रपदात तो आला होता. सत्तरी उलटली त्याची, गुडघे गेलेत. आम्ही दोघं गच्चीत बसलो होतो, खाली मांडवात हातोड्या चालू होत्या. मी सहज म्हणून काढलं, "दादा, तेव्हा आदल्याच दिवशी आप्पांना सांगून टाकलं असतंस तर? जुन्या बाजारातनं आणले म्हणून?"

खाली कुणीतरी पडदा ओढून घेतला.

"मालकाचं मला काही वाटलं नाही गं," तो म्हणाला. "त्याचं डिझाईन गेलेलं. तो कापडाकडं बघणारच. पण आप्पा पण कापडाकडंच बघत होते. मी समोर उभा होतो की."